लाटेला भोक दिसत नाही!

किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात तरंगणारा नारळ निरखून बघा. लाट आली की तो वर चढतो, किंचित पुढे सरकतो, मग खाली उतरून जवळपास मूळ जागी येतो. लाट निघून गेली, पाणी तिथल्या तिथेच! पुढे जाते ती ऊर्जा.

किती ऊर्जा, ते 26 डिसेंबर 2004 ला जगाने पाहिलं. हिंदी महासागरातली ती त्सुनामी खोल पाण्यात ताशी 700 किलोमीटरच्या आसपास धावत होती. तरी तिला जन्म देणाऱ्या भूकंपानंतर दोनेक तासांनी उपग्रहाने मोजली तेव्हा खुल्या समुद्रात तिची उंची जेमतेम 60 सेंटिमीटर! लांबी, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, मात्र शेकडो किलोमीटर, त्यामुळे वरून जाणाऱ्या जहाजाला पत्ताही लागला नसता. उथळ पाण्यात वेग घटला, लाट दाटली आणि उंच झाली.

लाटेची सगळी गंमत या लांबीत आहे. आपल्याला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लहरी हवेत 17 मिलिमीटरपासून थेट 17 मीटरपर्यंत लांब असतात. बोलण्यातल्या बऱ्याच लहरी दाराच्या रुंदीएवढ्या, म्हणून त्या दारातून सहज वळतात. स्वयंपाकघरातली आई दिसत नाही, पण तिची हाक बरोबर पोचते.

आता नारायणगावजवळच्या खोडदला चला. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. प्रत्येकीची थाळी 45 मीटर व्यासाची, आणि गंमत म्हणजे तिच्या आरपार आभाळ दिसतं! कारण थाळी पत्र्याची नाहीच, बारीक पोलादी तारांच्या जाळीची आहे. भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. अवकाशातून येणाऱ्या ज्या रेडिओ लहरी ती टिपते, त्यांची लांबी साधारण 21 सेंटिमीटरपासून दोन मीटरच्या पुढे. एवढ्या लांब लहरीला ती भोकं जाणवतच नाहीत, जाळी तिच्यासाठी चक्क आरसा ठरते. प्रकाशलहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड, ती खुशाल पार होते. वाराही आरपार जातो, म्हणून एवढी अवाढव्य थाळी हलकी आणि स्वस्तात उभी राहिली. ही दुर्बीण साकारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कल्पकतेला सलामच करावासा वाटतो.

घरातल्या मायक्रोवेव्हच्या दारातली जाळी हेच काम करते. आतल्या लहरी सुमारे 12 सेंटिमीटरच्या, त्या अडतात. रटरटणारी आमटी मात्र बाहेरून दिसते.

आवाज करणारी वस्तू जवळ येत किंवा दूर जात असली की आपल्यापर्यंत पोचणाऱ्या लहरींची लांबी बदलते, आणि लांबी बदलली की सूरही बदलतो. ख्रिश्चन डॉप्लर यांनी 1842 मध्ये हे गणिताने मांडलं, तर 1845 मध्ये नेदरलँड्समध्ये बाइस बॅलट यांनी ते पडताळण्यासाठी चक्क आगगाडीवर तुतारीवादक चढवले! रुळांशेजारी तयार कानाचे संगीतकार उभे. वादक एकच स्वर धरून वाजवत होते. गाडी जवळ येताना तो चढा लागला, पुढे निघून गेल्यावर उतरलेला.