जलपर्णी उचलली, पुढे काय?

उन्हाळा तापू लागला की कल्याणजवळ मोहने-आपटीच्या पट्ट्यात उल्हास नदीचं पाणी दिसेनासं होतं. काठापासून काठापर्यंत जलपर्णी. मग फोटो छापून येतात, कार्यकर्ते नदीपात्रात उतरून आंदोलन करतात, यंत्रं येतात आणि जलपर्णी उपसून काठावर टाकली जाते. हे करायलाच हवं. पण काठावर तशीच सोडलेली किंवा फवारणी करून मारलेली जलपर्णी कुजते आणि तिनं शोषलेलं नायट्रोजन-फॉस्फरस पुन्हा नदीत उतरतं. वर आच्छादन नाही, ऊन थेट पाण्यावर, खाली भरपूर खत. नील-हरित शैवालाला याहून चांगला वाफा मिळणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीनं मला जलपर्णीपेक्षा या शैवालाची चिंता जास्त वाटते.

आपण सहज 'धरणाचं पाणी' म्हणतो, पण बारवी किंवा आंध्रा धरणाचं पाणी थेट नळाला येत नाही. आंध्राचं पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून उल्हासमध्ये सुटतं, बारवीचं बदलापूरच्या पुढे येऊन मिळतं. नदी मग शहरांना वळसा घालत येते, आणि तिथून ती उचलली जाते: एमआयडीसी जांभूळला, कल्याण-डोंबिवली महापालिका मोहिलीला, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी शहाडला. स्टेमचं पाणी टेमघरला शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे जातं. ठाण्याला पिसे बंधाऱ्यावरून भातसा नदीचंही पाणी मिळतं. धरणं डोंगरात आहेत, त्यामानानं स्वच्छ. खरा प्रश्न धरण आणि जॅकवेल (नदीतून पाणी उचलण्याची विहीर) यांच्या मधल्या अंतराचा आहे. बंधाऱ्यामागे अडलेलं, उन्हाळ्यात जेमतेम हलणारं पाणी म्हणजे एक छोटा जलाशयच, आणि त्यात शहरांचं सांडपाणी मिसळतं. उल्हासनगरचा खेमाणी नाला वळवण्यावर वर्षानुवर्षं चर्चा झाली. मोहने-गाळेगावच्या नाल्यांचीही तक्रार जुनीच आहे.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधलं की प्रश्न सुटला, असंही नाही. नेहमीच्या पद्धतीचं केंद्र सेंद्रिय घाण बरीच कमी करतं. मलमूत्रातून आणि कपड्यांच्या साबणातून येणारं फॉस्फरस मात्र बरंचसं तसंच पुढे जातं. ते काढायचं तर वेगळी प्रक्रिया जोडावी लागते, आणि निविदा काढताना तिची अट घालावी लागते.

असं सांडपाणी साठत गेलं की काय होतं, ते पाहायला फार लांब जायला नको. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून उजनीत साठतं. 117 टीएमसीचा तो जलाशय उन्हाळ्यात हिरवा पडतो, काठावर रंग ढवळल्यासारखी साय धरते. सोलापूर शहर त्याच धरणाचं पाणी पितं.

नील-हरित शैवाल हे नावापुरतं शैवाल आहे. मुळात ते प्रकाशावर अन्न बनवणारे जीवाणू. त्यांच्यातल्या मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्यामुळे त्या तरंगतात. एक साधी चाचणी हातमोजे घालून करता येते. हिरवं पाणी काचेच्या बरणीत भरून रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवा (खाण्याच्या वस्तूंपासून दूर). सकाळी हिरवा थर वर आला असेल तर नील-हरित असण्याची शक्यता मोठी. तळाशी बसला असेल तर बहुधा साधं शैवाल. त्यात विष आहे की नाही, हे मात्र प्रयोगशाळाच सांगू शकते.

या जीवाणूंचं मायक्रोसिस्टिन हे विष यकृतावर हल्ला करतं. 1996 मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात डायलिसिस केंद्राला आलेल्या पाण्यात ते होतं. पन्नासहून जास्त रुग्ण दगावले. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात जवळपास 5 लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगावं लागलं. उकळण्याबद्दलचा हा इशारा आपल्या घराघरांत पोचला पाहिजे. उकळल्यानं मायक्रोसिस्टिन नष्ट होत नाही. पेशी फुटून विष पाण्यात उतरतं आणि पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

शुद्धीकरण केंद्रातही हेच भान ठेवावं लागतं. पेशी अखंड असेपर्यंत बहुतेक विष तिच्या आतच असतं. तुरटी किंवा पीएसीची (पॉलीअॅल्युमिनियम क्लोराइडची) मात्रा नीट बसली, गाळ वेळच्या वेळी काढला, वाळूच्या गाळण्या वेळेवर धुतल्या, तर पेशी विषासकट बाहेर जातात. पण हिरवं पाणी आलं म्हणून घाबरून सुरुवातीलाच क्लोरीन किंवा मोरचूद ओतला, तर पेशी फुटतात आणि विष पाण्यात विरघळतं. ते नुसत्या वाळूत अडकत नाही. त्याला सक्रिय कोळसा लागतो, किंवा शेवटच्या टप्प्यावर सामू आठच्या खाली ठेवून पुरेसा वेळ दिलेलं क्लोरीन. या कामाचं श्रेय केमिस्टला कोणी देत नाही, पण शहराचं आरोग्य त्याच्या मात्रेवर उभं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी आयुष्यभराच्या वापराची तात्पुरती मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आपल्या आयएस 10500 या मानकात पिण्याचं पाणी शैवाल आणि विष निर्माण करणाऱ्या जीवांपासून मुक्त असावं, एवढी अपेक्षा आहे. या विषासाठी अंकातली मर्यादा नाही. आकडा नसला की मोजायची सक्ती राहत नाही, आणि मोजलं नाही तर सगळं ठीकच वाटतं.

नळाला मातकट वास आला की लगेच विषाची भीती धरू नका. तो बहुतेकदा जिओस्मिन या द्रव्याचा असतो आणि तो स्वतः विषारी नाही. मात्र वास नाही म्हणजे विष नाही, असंही नाही. वास दोन-चार दिवस टिकला तर आधी सोसायटीची टाकी तपासा, मग टाकीआधीच्या नळाचा नमुना घेऊन पाणीपुरवठा विभागाकडे लेखी तक्रार करा. आणि एक मागणी प्रत्येक प्रभागातून यायला हवी: मार्च ते जून दर आठवड्याला जॅकवेलपाशी शैवालाच्या पेशींची मोजणी व्हावी, पेशी वाढल्या की मायक्रोसिस्टिनची तपासणी व्हावी, आणि आकडे टँकरच्या वेळापत्रकाइतक्याच ठळकपणे जाहीर व्हावेत. मोहिलीसाठी, शहाडसाठी आणि पिसेसाठी वेगवेगळे.