बोलण्यापूर्वीचे ऐकणे

‘ताक’ आणि ‘टाक’ या शब्दांतील भेद मराठी माणसाला सहज कळतो. ‘त’ उच्चारताना जिभेचे टोक दातांना लागते. ‘ट’ उच्चारताना ते मागे वळून टाळूला टेकते. इंग्रजीत असा भेद नसल्याने प्रौढ इंग्रजीभाषकाच्या कानाला तो बहुधा उमगत नाही. मग हा भेद जाणणारा कान जन्मतःच लाभतो, की पुढे घडतो?

जेनेट वर्कर व रिचर्ड टीस या शास्त्रज्ञांनी कॅनडातील इंग्रजीभाषी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतील हे दोन ध्वनी ऐकविले. ध्वनी बदलताच मुलाने मान वळविली, तर बक्षीस म्हणून त्याला खेळण्यातले प्राणी दिसत. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक मुलांनी भेद ओळखला. १० ते १२ महिन्यांच्या मुलांपैकी फार थोड्यांना तो कळला. हिंदीभाषी घरांतील जवळपास वर्षाच्या मुलांमध्ये मात्र ही शक्ती टिकून होती. हे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले.

तात्पर्य, मूल बोलू लागण्यापूर्वीच त्याचा कान घरच्या भाषेच्या वळणाने घडत असतो. म्हणूनच मुलाला नीट ऐकू येते की नाही याची तपासणी, ते बोलू लागण्याची वाट न पाहता, पहिल्या काही महिन्यांतच करून घेणे हिताचे ठरते.