इलेक्ट्रिक गिटारच्या तारा : आधी हात, मग कान

मागच्या व्याख्यानात पिकअप तारेची हालचाल कशी पकडतो ते आपण पाहिलं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांतले निम्मे तरी एकाच गोष्टीबद्दल होते. तारा कुठल्या लावू? नऊचा सेट की दहाचा? निकेल की स्टील? म्हणून आज फक्त तारा, आणि त्याही इलेक्ट्रिक गिटारच्या.

आमच्याकडे शिकायला येणारा एक सतरा वर्षांचा मुलगा होता. वाजवायला लागून जेमतेम वर्ष झालेलं. एक दिवस मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळून आला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "सर, टोनसाठी बाराचा सेट लावलाय." स्टीव्ही रे वॉन तेराचा सेट वाजवायचे हे त्याने वाचलं होतं, आणि जाड तार म्हणजे भरदार आवाज हे कुणीतरी त्याच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. पुढचा दीड महिना त्याला गिटार हातात घेता आली नाही. यात त्याची चूक कमी आणि आमची जास्त. वर्षभरात आम्ही त्याला स्केल शिकवले, कॉर्ड शिकवले, पण तार कशी निवडायची हे एकदाही सांगितलं नव्हतं.

तर हा नंबर म्हणजे काय? एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या दहा भागांइतकी जाड तार ती दहाची तार, म्हणजे पाव मिलिमीटर. दहाचा सेट म्हणजे ज्याची पहिली, सर्वांत बारीक तार दहाची आहे तो सेट. नेहमीच्या पाकिटावर १०, १३, १७, २६, ३६, ४६ असे आकडे असतात. नऊच्या सेटवर ९, ११, १६, २४, ३२, ४२. दहा आणि नऊमध्ये फरक इंचाच्या एका हजारांशाचा. डोळ्यांनी दिसणारही नाही. बोटाला मात्र पहिल्या मिनिटात कळतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

तारेवरचा ताण तीन गोष्टींनी ठरतो: तार किती जाड, किती लांब आणि कुठल्या सुरात लावलेली. या तिन्हींचा हिशोबात वर्ग होतो, त्यामुळे छोटा फरक मोठा होऊन बसतो. स्ट्रॅटोकास्टर घ्या. तिची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत कंप पावणारी लांबी, साडेपंचवीस इंच, ६४८ मिलिमीटर. तिच्यावर नऊची पहिली तार ई सुरात लावली तर ताण सुमारे ६ किलो. दहाची लावली तर ७.३ किलो. अकराची लावली तर जवळजवळ ९. एका हजारांश इंचामागे ताण सव्वापट होत चालला आहे, बघा. सहाही तारा मिळून नऊचा सेट मानेवर ३८-३९ किलोंची ओढ देतो, दहाचा ४६-४७ किलोंची.

आता लेस पॉल घ्या. तिची स्केल पावणेपंचवीस इंच मानतात. तोच दहाचा सेट, तोच सूर, पण लांबी कमी, म्हणून ताण शेकडा ६ ने कमी. म्हणून मित्राच्या लेस पॉलवर दहाचा सेट लोण्यासारखा वाटला आणि तोच आपल्या स्ट्रॅटवर लावल्यावर दगड झाला, यात बोटांचा दोष नाही. सूर अर्धा स्वर उतरवला तर ताण शेकडा ११ ने घटतो. वॉन यांच्याबद्दल बोलताना लोक नेमकं हेच विसरतात. ते तेराचा सेट लावायचे, पण गिटार अर्धा स्वर खाली लावलेली असायची. तरीही पहिल्या तारेवर ११ किलोंच्या आसपास ताण राहतोच, आणि त्याची किंमत त्यांची बोटं मोजत होती. कातडी फाटली की ते सुपरग्लू लावून वाजवायचे, असं त्यांच्याबरोबरची माणसं सांगत आली आहेत. अनुकरण करण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ आहे. हे त्यात धरू नये असं आमचं मत.

याच्या अगदी उलट उदाहरण टोनी आयोमींचं. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. ते डावखुरे, म्हणजे उजवा हात फ्रेटवर चालणारा. जाड तारा दाबणं शक्यच नव्हतं. बारीक तारांचे सेट तेव्हा सहज मिळत नसत, म्हणून त्यांनी बँजोच्या तारा लावून पाहिल्या. पुढे १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मधल्या काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तीन अर्धस्वर म्हणजे ताण जवळजवळ शेकडा ३० ने कमी. ज्या आवाजाला सगळं जग 'हेवी' म्हणतं, तो बारीक आणि वर सैल सोडलेल्या तारांतून निघाला आहे. आमच्या त्या मुलाला हे वर्षभर आधी सांगायला हवं होतं.

आता बेंडकडे येऊ. सतारीवर मींड घेताना तार पडद्यावर बाजूला ओढतात, तसंच इथे. तार ओढली की ताण वाढतो आणि सूर चढतो. पण यात एक गंमत आहे, आणि ती बऱ्याच जुन्या वादकांनाही पटत नाही. सूर एक स्वर चढवायला बोट किती सरकवायचं, हे प्लेन तारेच्या जाडीवर ठरत नाही. लांबी आणि सूर तेच असतील तर नऊची तार असो की तेराची, बोट तेवढंच सरकवावं लागतं. जाड तारेत पोलाद जास्त, पण मुळातला ताणही त्याच प्रमाणात जास्त, आणि दोन्ही एकमेकांना कापतात. बदलतो तो फक्त जोर. म्हणजे जाड तार तुम्हाला जास्त सूर देत नाही, तेवढाच सूर जास्त कष्टात देते.

मग बारीक तार बेसूर का वाजते? तीच तार, तोच सूर. पण सवय जाड तारेची असेल तर बोट तेवढ्याच जोराने दाबतं, तार नको तितकी वाकते आणि सूर चढतो. नऊचा सेट "बेसूर" म्हणून नाकारणाऱ्यांना आम्ही आधी दोन आठवडे हलक्या हाताने वाजवायला सांगतो. बहुतेक परत येत नाहीत, म्हणजे तक्रार घेऊन.

तिसऱ्या तारेची, म्हणजे जीची गोष्ट वेगळी आहे. तिचा सूर पहिल्या तारेपेक्षा बराच खाली. त्यामुळे प्लेन जी लावली तर तिच्या पोलादावर दर चौरस मिलिमीटरला पडणारा ताण पहिल्या तारेच्या साधारण एक-तृतीयांश असतो. अशी तार तेवढ्याच ओढीला जवळजवळ पावणेतीन पट जास्त सूर बदलते. म्हणून ब्लूजमधले लांब बेंड जीवर इतके सहज येतात, आणि म्हणूनच गिटारमधली सर्वांत आधी सुरातून जाणारी तारही तीच. गुण आणि खोड एकाच कारणाची. जुन्या सेटांत ही तिसरी तार वाउंड, म्हणजे वेढा दिलेली असे. वाउंड तारेत सगळा ताण आतल्या बारीक गाभ्यावर पडतो, तो आधीच कडक ओढलेला असतो, म्हणून बेंडला सूर फारसा हलत नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस रिकी नेल्सनबरोबर वाजवणारे जेम्स बर्टन वरच्या तारांसाठी बँजोच्या तारा वापरत, ते यामुळेच. कॅलिफोर्नियातले दुकानदार अर्नी बॉल यांनी १९६२मध्ये बारीक तारांचे तयार सेट 'स्लिंकी' नावाने विकायला काढले आणि वादकांचा हा जुगाड संपला. आज आपण ज्याला नेहमीचा सेट म्हणतो तो तिथून आलेला आहे.

टोनकडे आता. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'प्युअर निकेल' किंवा 'स्टेनलेस स्टील' लिहिलेलं असतं. ते सहापैकी तीनच तारांबद्दल असतं, हे दुकानात कुणी सांगत नाही. पहिल्या तीन प्लेन तारा कुठल्याही सेटमध्ये पोलादाच्याच, वर कथिलाचा मुलामा. फरक असतो तो खालच्या तीन वाउंड तारांच्या वेढ्यात. वेढा शुद्ध निकेलचा असेल तर आवाज थोडा मऊ, चकाकी कमी. स्टेनलेस स्टीलचा असेल तर झळझळीत, बोटाला खरखरीत, आणि फ्रेटची झीजही जास्त. मधला म्हणजे पोलादावर निकेलचा मुलामा, बाजारातले बहुसंख्य सेट तेच. सोलो वरच्या तीन तारांवर वाजवणाऱ्याने निकेलचे जास्त पैसे का द्यावेत, हा आमचा प्रश्न आहे. खालच्या तारांवर रिफ वाजवणाऱ्याला मात्र हा फरक खरोखर ऐकू येईल.

एक सावधगिरी. आपल्याकडे दुकानात अकूस्टिक गिटारी जास्त खपतात, त्यामुळे घाईत कधीकधी अकूस्टिकचा ब्राँझ सेट हातात पडतो. ब्राँझला चुंबक धरत नाही. इलेक्ट्रिकवर तो लावला तर वाउंड तारांचा फक्त पोलादी गाभा पिकअपला दिसतो. प्लेन तारा किंचाळतात आणि वाउंड तारा दबक्या आवाजात बोलतात. पाकीट नीट वाचून घ्या.

जाडीने आवाज बदलत नाही का? बदलतो. जाड तारेत पोलाद जास्त, म्हणून पिकअपमधून संकेत थोडा जोरात येतो, आणि जोरात झटका दिला तरी तार फडफडत नाही. पण यातला बराचसा फरक ॲम्पचं बटण थोडं फिरवून किंवा पिकअप अर्धा मिलिमीटर वर घेऊन भरून काढता येतो. पिकअप फार वर नेऊ नका, चुंबक तारेला ओढायला लागतो. दुखावलेलं मनगट मात्र कुठलं बटण फिरवून बरं होत नाही.

आणि तुलना करताना एक फसगत नेहमी होते. तीन महिने वाजवलेला सेट काढून नव्या कंपनीचा सेट लावला की वाटतं, वा, काय तारा आहेत! अहो, तुम्ही मेलेल्या तारांशी ताज्या तारांची तुलना केलीत. घामातलं मीठ आणि बोटांचा मळ वेढ्याच्या खाचांत जाऊन बसतो, तार जड होते आणि वरचे स्वरांश आधी मरतात. फ्रेटवर घासून तारेला खालून खड्डे पडतात, मग वरच्या फ्रेटवर सूर जुळत नाही. आमच्या अनुभवात नव्या-जुन्या तारेतला फरक निकेल-स्टीलच्या फरकापेक्षा मोठा असतो. म्हणून काहीही बदलण्याआधी तुमचा तोच जुना सेट, नवा कोरा, एकदा लावून ऐका.

मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर हे आणखी वेगाने होतं. प्लेन तारांवर काळे ठिपके दिसले की गंज सुरू झाला समजा. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसायच्या, एवढं पुरतं. बारीक प्लास्टिकचा थर दिलेल्या तारा १९९७मध्ये एलिक्सर कंपनीने आणल्या, आता इतरही बनवतात. त्या महाग आहेत, हाताला जरा गुळगुळीत लागतात, पण दमट हवेत टिकतात. वाउंड तारा पाण्यात उकळून घ्यायचा जुना उपायही चालतो, पण थोडे दिवस. मळ निघतो, खड्डे कसे निघणार?

मागून एकांनी विचारलंय, मग नेमका कुठला सेट घेऊ. स्ट्रॅटसारखी लांब गिटार आणि नवा हात असेल तर नऊपासून सुरू करा. लेस पॉलसारखी आखूड असेल तर दहा. सूर उतरवून वाजवत असाल तर एक पायरी जाड, नाहीतर खालच्या तारा लोंबतात. जॅझ वाजवायचं असेल, बेंड जवळजवळ नाहीत, तर अकरा किंवा बारा, वाउंड जी आणि सपाट वेढ्याच्या फ्लॅटवाउंड तारा. तिथे जाड तारेला अर्थ आहे. एक सेट किमान तीन आठवडे वाजवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला: जाडी तरी, नाहीतर धातू तरी. दुखणं सुरू झालं तर तीन आठवडेही थांबू नका, तारा उतरवा.

जाडी बदलली की गिटारही पुन्हा जुळवावी लागते. नऊवरून दहावर गेलात तर मानेवर सातआठ किलो जास्त ओढ येते आणि मान पुढे वाकते. ट्रस रॉड किंचित, पाव वळसा इतकाच फिरवून पाहायचा. स्ट्रॅटचा तरंगता ट्रेमोलो असेल तर ब्रिज पुढे उचलला जातो, मागच्या स्प्रिंगचे स्क्रू आवळून तो पुन्हा बसवायचा. नटच्या खाचा बारीक तारेच्या मापाच्या असतील तर जाड तार अडकते आणि ट्यूनिंग करताना टिंगटिंग आवाज करते. तिथे पेन्सिलचं शिसं घासून पाहा. तरीही अडकली तर खाच कानस लावून रुंद करून घ्या, पण हे काम घरी करू नका. खाच एकदा खोल गेली की नट बदलावा लागतो. ब्रिजवरच्या सॅडल मागेपुढे करून फ्रेटचा सूर जुळवणं राहिलं. ते पुढच्या वेळी घेऊ. येताना गिटार, ट्यूनर आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन या.