बाळाची जागा : मांडीवर की सीटमध्ये?

आमच्याकडे नेहमी येणारे एक निवृत्त मुख्याध्यापक परवा रक्तदाब तपासायला आले होते. सहा महिन्यांच्या नातवाला पाहायला ते आणि त्यांच्या पत्नी लवकरच मुलाकडे जर्मनीला निघाले आहेत. तपासणी झाल्यावर म्हणाले, "डॉक्टर, मुलाकडे दोनच सीटची स्पोर्ट्स कार आहे. लग्नाआधी हौसेने घेतलेली. सूनबाई म्हणतात, बाळाला त्यात न्यायचे तर वेगळी बेबी सीट लागते, मांडीवर घ्यायचे नाही. आमची ही म्हणते, आजीच्या मांडीपेक्षा प्लॅस्टिकची सीट बरी का? आता तुम्हीच निवाडा करा."

मी म्हटले, "गुरुजी, निवाडा सूनबाईंच्या बाजूने. आणि बाळ सीटमध्ये बसले की त्या गाडीत आजींना जागा उरत नाही, हेही मान्य करावे लागेल."

प्रश्न परदेशातला वाटला तरी तो आपल्याही दाराशी आहे. आपल्याकडे स्पोर्ट्स कार नसेल, पण पिकअप आणि छोटा टेम्पो आहे. त्यांनाही मागची सीट नसते. बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला जाताना आई तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसते. मोटारीतही मागची सीट मोकळी असताना मुलाला हौसेने पुढे घेतले जाते. म्हणून आज या विषयाची थोडी सविस्तर माहिती घेऊ.

मांडी का चालत नाही?

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी झाडावर आदळली की सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबते. गाडी थांबते, पण आतली माणसे त्याच वेगाने पुढे जात राहतात. अशा वेळी १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलोचा जोर लागतो. धान्याचे दीड पोते अचानक कोणी आपल्या हातातून हिसकावले तर आपण ते धरून ठेवू शकू का? इथे मायेचा प्रश्न नाही, हाताच्या ताकदीचा आहे. या वेगाची धडक म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. शिवाय मांडीवर घेणाऱ्याने पट्टा लावला नसेल तर त्याचे सगळे वजन बाळावर येते आणि बाळ डॅशबोर्ड व मोठ्या माणसाच्या मध्ये चिरडते. एकच पट्टा दोघांभोवती गुंडाळला तरी हेच होते.

लहान मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे

नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे चौथा हिस्सा असते. मोठ्या माणसात ते आठवा हिस्सा भरते. म्हणजे बाळाचे डोके जड आणि मान नाजूक. मानेच्या मणक्यांचा बराचसा भाग अजून कूर्चेचा असतो, त्यांना धरून ठेवणारे बंध सैल असतात. तोंड पुढे करून बसवलेल्या बाळाचे धड पट्ट्याने अडते आणि डोके झटक्याने पुढे फेकले जाते. तो सगळा ताण मानेवर येतो आणि आतल्या मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

म्हणून तान्ह्या बाळाची सीट उलटी, म्हणजे बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवतात. धडक बसली की डोके, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबली जातात. मार पाठीवर पसरतो आणि मान वाचते. युरोपच्या नव्या नियमानुसार बनलेल्या सीटमध्ये किमान १५ महिन्यांपर्यंत बाळाला उलटेच बसवावे लागते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याहून पुढचा सल्ला दिला : सीटवर लिहिलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा येईपर्यंत मूल उलटेच बसू द्या.

मोठ्यांचा पट्टा लहान मुलाला का नको, तेही समजून घेऊ. मोठ्या माणसात कमरेचा पट्टा कटीच्या हाडांवर अडतो. मुलांत ही हाडे पुरती वाढलेली नसतात. पट्टा वर सरकून पोटावर येतो आणि धडकेत आतडी, यकृत, प्लीहा यांना इजा होते. खांद्याचा पट्टा गळ्यावर येतो, म्हणून मूल तो पाठीमागे टाकते.

एअरबॅग : मोठ्याला कवच, बाळाला घाव

दोन आसनी गाडीतला खरा धोका इथे आहे. एअरबॅग म्हणजे मऊ उशी नव्हे. ती पापणी लवण्याआधी, ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने बाहेर येते. पट्टा लावून मागे टेकून बसलेल्या मोठ्या माणसाला ती वाचवते. उलट्या सीटमधील बाळाचे डोके मात्र डॅशबोर्डच्या अगदी जवळ असते. फुगा थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळतो.

अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगमुळे २९० हून अधिक मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यांत लहान मुले बरीच होती आणि बहुतेकांनी पट्टा लावलेला नव्हता किंवा ती नीट बांधलेली नव्हती. आपल्याकडेही हे घडले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवर पुढे बसलेली दोन वर्षांची मुलगी, तर डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे पुढच्या सीटवरचा सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. २०२१ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत पुढे दोन्ही बाजूंना एअरबॅग सक्तीच्या झाल्या. ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यामुळे पुढची सीट ही मुलांची जागा राहिलेली नाही.

दोनच सीट असतील तर?

पहिले उत्तर एकच : शक्य असेल तर बाळासाठी मागची सीट असलेली दुसरी गाडी वापरा. ते शक्यच नसेल तर पुढील क्रमाने जा.

१. गाडीचे आणि बेबी सीटचे, दोन्हींचे माहितीपुस्तक वाचा. काही गाड्यांत पुढे बेबी सीट लावायला कंपनीच मनाई करते. तसे असेल तर विषय तिथेच संपला.

२. उलट्या सीटसाठी प्रवाशाकडची एअरबॅग बंद झालीच पाहिजे. मागची सीट नसलेल्या गाड्यांत असे बटण देण्याची मुभा अमेरिकेने १९९५ मध्ये दिली, कारण त्या गाड्यांत बाळाला दुसरी जागाच नव्हती. अनेक गाड्यांत हे बटण किल्लीने फिरवायचे असते. काही गाड्यांत सीटवरचे वजन ओळखून एअरबॅग आपोआप बंद होते. दोन्ही प्रकारांत एअरबॅग बंद असल्याचा दिवा लागतो. दर वेळी गाडी सुरू केल्यावर तो पाहा. युरोपात २००३ च्या निर्देशानुसार चालू एअरबॅगसमोर उलटी सीट लावायला बंदीच आहे.

३. एअरबॅग बंद करण्याची सोय नसेल तर त्या गाडीत उलटी सीट लावायची नाही. मेकॅनिककडून वायर तोडून घेणे किंवा फ्यूज काढणे हा उपाय नव्हे. पट्टा ताणून धरणारी यंत्रणाही पुष्कळदा त्याच जोडणीवर चालते.

४. गाडीची सीट जितकी मागे जाईल तितकी मागे सरकवा. सीट सरळ बसवलेल्या मोठ्या मुलासाठी तर हे फारच महत्त्वाचे.

५. स्पोर्ट्स कारची सीट खोलगट आणि कडेला उंच असते. बेबी सीटचा तळ तिच्यावर सपाट टेकत नाही, ती डुगडुगते. म्हणून सीट विकत घेण्याआधी दुकानदाराला सांगून त्याच गाडीत लावून बघा.

६. गाडीच्या पट्ट्याने सीट बांधताना तिच्यावर गुडघ्याने दाब द्या आणि मग पट्टा ओढा. नंतर पट्टा जातो त्या ठिकाणी धरून हलवा. एक इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बांधा. कारखान्यातूनच आलेल्या कड्यांमध्ये सीट अडकवायची सोय असेल तर चूक होण्याचा संभव कमी.

७. बाळाचे खांद्याचे पट्टे उलट्या सीटमध्ये खांद्याच्या बरोबरीला किंवा किंचित खाली, सरळ सीटमध्ये खांद्याच्या बरोबरीला किंवा किंचित वर असावेत. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत येत असेल तर तो सैल आहे. जाड स्वेटर आधी काढा. पट्टा लावून झाल्यावर वरून शाल पांघरा.

८. तान्हे बाळ सीटमध्ये रेललेले हवे. हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो. साधारण दोन तासांनी गाडी थांबवून बाळाला बाहेर काढा. घरी आल्यावर झोपलेले बाळ सीटमध्येच ठेवू नका.

९. नंतर मोठा माणूस त्या जागी बसणार असेल तर एअरबॅग आठवणीने पुन्हा चालू करा.

अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरायची नाही, वरून धड दिसली तरीही. म्हणून कोणाची जुनी सीट घेताना तिचा इतिहास विचारून घ्या.

आपल्या गावात काय करावे?

पिकअपमध्ये तान्ह्या बाळाला नेणे टाळता येत असेल तर टाळा. एस.टी. असेल तर एस.टी.ने जा. मोटार असेल तर मूल मागच्या सीटवरच, वयाप्रमाणे योग्य सीटमध्ये किंवा पट्ट्यात बसवा. "जवळच तर जायचंय" हे कारण सांगू नका, ५० किलोमीटरचा वेग गावाच्या वेशीजवळही असतो. कायद्याचेही हेच म्हणणे आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा सीट न लावता गाडी चालवल्यास एक हजार रुपये दंड आहे. जर्मनीत १२ वर्षांखालील आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला अशी सीट लागतेच.

अपघात झालाच तर बाळाला घाईने हाताला धरून ओढू नका. आग किंवा दुसरा धोका नसेल आणि मानेला मार लागल्याची शंका असेल तर मूल सीटमध्येच राहू द्या आणि १०८ क्रमांकाला फोन करा. मूल हसते-खेळते दिसले तरी डॉक्टरांना दाखवा. पुढच्या दिवसभरात उलट्या, गुंगी, पोट दुखणे किंवा फुगणे, पोटावर पट्ट्याचा वळ, हातपाय न हलवणे यांपैकी काहीही दिसले तर मोठ्या रुग्णालयात न्यायला वेळ दवडू नका.

सुरुवातीला बाळ सीटमध्ये रडते, हे खरे. लस टोचतानाही ते रडते, म्हणून आपण लस टाळत नाही. दोन-चार प्रवासांत बहुतेक मुलांना सवय होते. मात्र गाडी चालू असताना रडणाऱ्या बाळाला सीटमधून काढायचे नाही. गाडी कडेला थांबवायची, बाळाला घ्यायचे, शांत करायचे, पुन्हा बांधायचे आणि मगच निघायचे. पाच मिनिटे उशीर होईल, एवढेच.