हार्ड डिस्कचे स्थलांतर आणि संगणकाचा आरंभ

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्यानंतरच्या काळात पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण या पट्ट्यात वाहने व त्यांचे सुटे भाग यांचा उद्योग विस्तारला. तेथील लहान वर्कशॉपांत भागांची मोजमापे घेणारी किंवा कातकाम करणारी यंत्रे दीर्घकाळ चालतात. त्यांना जोडलेला संगणक मात्र इतका टिकत नाही. त्याचा मदरबोर्ड निकामी झाला, की सुस्थितीत असलेली हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकात बसविण्यात येते. आणि तो संगणक सुरूच होत नाही. तपासणीचा अहवाल निघाला नाही तर तयार माल गाडीत चढत नाही. म्हणून या बिघाडाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकाचा आरंभ ही एकामागून एक होणाऱ्या हवाल्यांची साखळी होय. वीज मिळताच मदरबोर्डवरील आज्ञावली जागी होते. ती डिस्क शोधते. डिस्कवरील लहानशी आज्ञावली प्रचालन प्रणालीस पाचारण करते. आणि ती प्रणाली पुन्हा त्याच डिस्कवरून आपले उर्वरित भाग वाचते. साखळीचा कोणता दुवा तुटला, हे पडद्यावरील संदेशावरून बहुधा ओळखता येते.

डिस्क मुळी दिसतच नसेल, तर दोष वायरीत, वीजपुरवठ्यात अथवा जोडणीत असतो. ती दिसते, परंतु आरंभयोग्य डिस्क नाही असा संदेश येतो, तेव्हा प्रथम आरंभाचा क्रम पाहावा आणि नंतर आरंभाची पद्धत. जुनी पद्धत बायोसची. तीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत आरंभाची आज्ञावली व चार विभागांची नोंद असते. नवी पद्धत यूईएफआयची. तीत डिस्कवर एक स्वतंत्र विभाग असतो. परंतु त्यातील कोणती फाइल उघडावयाची याची नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत राहते. डिस्क हलविली की ही नोंद जुन्या संगणकातच मागे राहते. ती नव्याने निर्माण करावी लागते. याउलट, जुन्या पद्धतीने सिद्ध केलेली डिस्क केवळ यूईएफआय जाणणाऱ्या संगणकात चालत नाही.

तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. विंडोजचे चिन्ह क्षणभर दिसते आणि मग निळा पडदा येतो. त्यावरील संकेतांकाच्या अखेरीस ‘७बी’ असते. याचा अर्थ असा, की प्रणाली जागी झाली, परंतु ज्या डिस्कवरून ती आली तिच्यापर्यंत पुन्हा पोहोचण्याचा मार्ग तिला ठाऊक नाही. विंडोज एक्सपी २००१ सालची. डिस्कशी व्यवहार करण्याच्या एएचसीआय पद्धतीचा आराखडा २००४ सालचा. तेव्हा एक्सपीच्या मूळ प्रतीत या पद्धतीचा ड्रायव्हर नसणे स्वाभाविकच आहे. नव्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जुन्या आयडीई पद्धतीची सोय असल्यास ती निवडताच प्रणाली पुष्कळदा सुरू होते. डिस्क सांकेतिक केलेली असेल, तर बिटलॉकर मदरबोर्डवरील चिप बदललेली पाहून ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागतो. ती जपून ठेवलेली नसल्यास माहितीचा मार्ग बंद होतो.

संगणक सुरू झाला तरी काम संपत नाही. यंत्राशी बोलणारे कार्ड जुन्या घाटाचे असेल, तर नव्या मदरबोर्डवर त्यास जागाच नसते. अशा वेळी नव्या संगणकाचा आग्रह सोडून त्याच काळातील मदरबोर्ड मिळविणे श्रेयस्कर.

येथे एक पथ्य कसोशीने पाळले पाहिजे. दुरुस्तीची साधने डिस्कवर लिहितात, आणि चुकीच्या लेखनाने चांगली माहिती नष्ट होते. म्हणून प्रथम ती डिस्क चालू स्थितीतील एखाद्या संगणकास दुय्यम म्हणून जोडून फाइली दिसतात की नाही ते पाहावे. डिस्क ‘इनिशिअलाइझ’ किंवा ‘फॉर्मॅट’ करावी काय, या प्रश्नास नकारच द्यावा. नंतर तिची संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. एक्सपीला मिळणारे सुरक्षा-साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. तेव्हा असा संगणक महाजालापासून अलग ठेवणे हेच योग्य.

या सर्वांचे तात्पर्य एवढेच, की हार्ड डिस्क म्हणजे संपूर्ण संगणक नव्हे. आरंभाची पद्धत, आरंभाची नोंद आणि सांकेतिक किल्ली यांचा ठेवा मदरबोर्डकडे असतो. जुना संगणक चालू आहे तोवरच त्याची सेटिंगे कागदावर उतरवून ठेवली आणि डिस्कची प्रत काढून ठेवली, तर मदरबोर्ड बंद पडल्यावर यंत्राचे काम फार काळ खोळंबत नाही.