दलालाच्या दुकानावर स्वतःची पाटी

कापडाच्या बाजारात दलालाशिवाय पान हलत नाही. भिवंडीत कोरे कापड विणणारा एकीकडे आणि ते घेणारा पेढीवाला दुसरीकडे. मध्ये उभा असतो तो दलाल. त्याचे भांडवल म्हणजे त्याची जबान. तरीही मुलीसाठी स्थळ आले आणि मुलगा दलाली करतो असे कळले, की आमच्याकडील बुजुर्गांची तोंडे वाकडी होतात. त्यातही घर-जमिनीचा दलाल असेल तर विचारायलाच नको. आम्हीही त्यातलेच होतो.

वास्तविक शब्दात काही वाईट नाही. अरबीत दलाल म्हणजे वाट दाखविणारा. इमाम बुखारी यांनी आपल्या हदीससंग्रहात दलालीच्या मोबदल्यावर स्वतंत्र प्रकरण ठेवले असून इब्न सीरीन, अता, इब्राहीम आणि हसन यांना त्यात काही गैर वाटले नाही, अशी नोंद तेथे आहे. मनाई आहे ती भाव चढविण्यासाठी खोटे गिऱ्हाईक उभे करण्याला आणि मालातील खोट लपविण्याला. आजच्या इस्टेट एजंटचे नाव खराब झाले ते याच दोन गोष्टींनी.

2009 साली आमच्या दुकानात एक मुलगा वसुलीला होता. उर्दू माध्यमातून दहावी झालेला, बाप यंत्रमागावर कामगार. वसुलीसाठी गल्लोगल्ली फिरून कोणाचे माग भंगारात निघाले, कोणता गाळा रिकामा पडला, हे त्याला आमच्याआधी कळायचे. माग बंद पडत होते आणि शहराबाहेर माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या बाजूला गोदामे उभी राहत होती. मुंबईच्या जकात हद्दीच्या बाहेर, पण मुंबईला अगदी लागून, नाशिक महामार्ग हाताशी. मोठ्या कंपन्यांना आणखी काय हवे होते? 1 जुलै 2017 रोजी जकात गेली, गोदामे मात्र हलली नाहीत.

एक दिवस मुलगा म्हणाला, "सेठ, मी एका एजंटकडे बसायचे म्हणतो." आम्ही त्याला चांगलेच सुनावले. गादीवरची इमानदारीची नोकरी सोडून लोकांच्या चाव्या सांभाळणार का, असे विचारले. तो गेला.

तेथे पगार नव्हता. पेट्रोलचे पैसे आणि सौदा झाला तर दलालीतला चौथा हिस्सा. भाड्याच्या सौद्यात एक महिन्याचे भाडे आणि विक्रीत साधारण एक-दोन टक्के, असा आमच्या भागातील रिवाज आहे. पहिल्या सहा महिन्यांत त्याचे तीन सौदे झाले. घरी आईची बोलणी खावी लागली, ती वेगळीच. पण माणसे ओळखणे, मालकाचा राग सोसणे, बघायला आलेला खरेच घेणार आहे की नुसता फिरायला आला आहे हे ताडणे, या गोष्टी तो तेथेच शिकला. हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नाही.

अडले ते कागदांपाशी. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांची ही जुनी अडचण आहे आणि ती आपण मोकळेपणी कबूल केली पाहिजे. सातबारा मराठीत, फेरफार मराठीत. आम्ही स्वतः कचेरीची मराठी शिकलो ती जकात नाक्यावर आणि विक्रीकराच्या नोटिसा वाचून. तो इशानंतर दुकानात येऊन बसू लागला. आम्ही त्याला दाखविले, की सातबाऱ्यावर मालकाच्या नावापेक्षा "इतर हक्क" हा रकाना आधी वाचावा. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क तेथे सापडतो. भोगवटादार वर्ग 2 लिहिले असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीखेरीज ती जमीन सहसा विकता येत नाही. गंमत अशी, की यातले निम्मे शब्द आपल्याच ओळखीचे निघतात. कब्जा, इनाम, बक्षीसपत्र! फारसी कचेरीतून आलेले हे पाहुणे देवनागरीत बसले, म्हणून आपण त्यांना परके समजतो. चार महिन्यांत तो सूची क्रमांक 2 सुद्धा आमच्यापेक्षा भरभर वाचू लागला.

मग ती गोष्ट घडली. एका म्हाताऱ्या शिंप्याने आपली दोन यंत्रे विकून फ्लॅटसाठी पैसे जमविले होते. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हते. मालक-एजंट म्हणाला, "येतच आहे म्हणून सांग." मुलाने म्हाताऱ्याला खरे काय ते सांगितले. सौदा मोडला, मुलाची नोकरी गेली आणि आधीच्या दोन सौद्यांचा हिस्साही बुडाला. त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला तेव्हा त्याला वाटत होते, आम्ही "बघ, सांगितले होते ना" म्हणणार. आम्ही म्हणणारही होतो. पण त्याने त्या शिंप्याचे नाव घेतले आणि आमची जीभ उचलली नाही. हा माणूस आमच्याच चिंध्या-तुकड्यांवर जगलेला होता.

आम्ही त्याला कर्जे हसना दिले, आठ बाय दहाच्या गाळ्याच्या अनामतीपुरते. एक अट घातली, की सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा बांधून ठेव. विक्रीच्या सौद्यात बोलणी ते नोंदणी तीन-चार महिने सहज जातात आणि दलाली हातात पडते ती नोंदणीच्या दिवशी. बहुतेक नवे एजंट येथेच बुडतात. खिसा रिकामा झाला, की जीभ घसरते.

त्याची रोजची भाकरी सुटली ती भाडेकरारांवर. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत हवा; ती जबाबदारी मालकाची, आणि करार नोंदलेला नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. आपले लोक मात्र नुसत्या स्टॅम्पपेपरवर सही करून निश्चिंत! आता ही नोंदणी ऑनलाइन होते. हा मुलगा अंगठ्याचे यंत्र घेऊन लोकांच्या घरी जातो.

2017 मध्ये रेरा कायदा पूर्ण लागू झाला. जुने फ्लॅट आणि गोदामांची भाडी यांना एजंटची नोंदणी लागत नाही. रेरात नोंदलेल्या नव्या प्रकल्पातील घर विकायचे असेल तर लागते. व्यक्तीला दहा हजार रुपये, मुदत पाच वर्षे. आम्ही म्हटले, पैसे कशाला घालवतोस? त्याने ऐकले नाही, ते बरे झाले. नोंदणीशिवाय अशी विक्री केली तर दिवसाला दहा हजार, असा वाढत वाढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. 2023 पासून महारेराने वीस तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. दहावीनंतर त्याने प्रथमच परीक्षा दिली. दुसऱ्या खेपेस पास झाला. पेढे आमच्या दुकानात वाटले.

त्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, की टोकन रोखीने घेतले जाणार नाही. घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास 1 जून 2015 पासून मनाई आहे, हे अनेक व्यापाऱ्यांना आजही पटवावे लागते. जागा दाखविण्यापूर्वी तो दलालीच्या पत्रावर सही घेतो. दोन्ही बाजूंकडून दलाली घेत असेल तर दोघांनाही तसे सांगतो.

गेल्या वर्षी आमचे एक गोदाम रिकामे झाले. ते भाड्याने द्यायचे काम त्यालाच सांगितले. त्याने पत्र पुढे केले. आम्ही हसून म्हणालो, "आमच्याकडूनही?" तो म्हणाला, "सेठ, सही तुमचीच आधी." सही केली. भाडेकरू आला, जागा पसंत पडली, भावही ठरत आला. तेवढ्यात या पठ्ठ्याने आमच्यादेखत सांगून टाकले, की पावसाळ्यात मागची भिंत पाझरते. चौरस फुटामागे दोन रुपये तेथल्या तेथे कमी झाले. दलाली त्याने पूर्ण घेतली.