हाडांनी दिलेली साक्ष

देवनहळ्ळी म्हटले की टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि रसाळ पपनसे आठवतात. २००८ साली या तालुक्यात बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला आणि परिसराचे रूप पालटले. बांधकामांसाठी दूरदूरच्या प्रांतांतून मजुरांची कुटुंबे येऊ लागली. त्यांतील कित्येक मुलांजवळ जन्माचा दाखला नसतो.

वाचकहो, समजा, अशा एखाद्या कामावर विटा वाहणारा मुलगा निरीक्षकांना आढळला. मुकादम म्हणतो, वय एकोणीस. आई म्हणते, "मोठा पूर आला त्या साली झाला." खरे काय मानावे? अठरा वर्षांच्या आतील मुलास कायद्याचे संरक्षण मिळते. एकोणीस ठरल्यास तो त्यास मुकतो.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने यासाठी क्रम घालून दिला आहे. प्रथम शाळेचा अथवा मॅट्रिकचा दाखला. तो नसल्यास नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला. आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. तज्ज्ञाचे स्थान शेवटी ठेवले आहे, ते विचारपूर्वकच.

वाढत्या वयात हाडांची टोके कूर्चेने जोडलेली असतात. वाढ पुरी होत आली की ती सांधली जातात. मनगटाच्या क्ष-किरण छायाचित्रात हे दिसते. अक्कलदाढेचीही पाहणी करतात. परंतु तुलनेसाठी जगभर वापरला जाणारा ग्रुलिक व पाइल यांचा १९५० चा चित्रसंग्रह अमेरिकेतील सुस्थितीतील मुलांवरून तयार झाला. अर्धपोटी वाढलेल्या मुलाची हाडे मागे राहू शकतात. शिवाय निरोगी मुलांतही फरक असतोच. क्ष-किरणांवरून ठरविलेल्या वयात दोन्ही बाजूंस दोन वर्षांची चूक संभवते, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच जयमाला प्रकरणात नमूद केले. म्हणजे 'सतरा' याचा अर्थ पंधराही असू शकतो आणि एकोणीसही!

हा पेच केवळ आपला नव्हे. स्वीडनने २०१७ पासून आश्रयार्थी तरुणांच्या गुडघ्यांची व अक्कलदाढांची तपासणी सुरू केली, तेव्हा तेथील जाणकारांतच तीव्र मतभेद झाले.

मग तज्ज्ञ निरुपयोगी ठरतो काय? मुळीच नाही. आपले ज्ञान कोठवर पोचते आणि कोठे थांबते, हे जो स्पष्ट लिहून देतो तोच खरा तज्ज्ञ. एकच आकडा ठामपणे सांगणारा अहवाल सोयीचा वाटतो. पण त्या आकड्यावर एका मुलाचे भवितव्य अवलंबून असते. निर्णयाची जबाबदारी समितीची व न्यायालयाची आहे. ती क्ष-किरण यंत्रावर ढकलता येत नाही.

यावर उत्तम उपाय मात्र आपल्या हाती आहे. मूल जेथे जन्मले तेथेच, एकवीस दिवसांच्या आत, त्याची नोंद करता येते. त्यासाठी मूळ गावी जाण्याची गरज नाही. आपल्या शेजारी परगावाहून आलेले कुटुंब असेल, तर त्यांना एवढे अवश्य सांगा. आज मिळविलेला एक कागद उद्या त्या मुलाच्या हाडांना साक्ष देण्याच्या कष्टातून सोडवील.